मोरचूद आणि समुद्राचा मासा

रायपूरहून धमतरीकडे जाताना वाटेत अभनपूर लागते. छोट्या रेल्वेच्या जमान्यात राजिमचा फाटा येथेच फुटत असे, ही त्याची जुनी ओळख. येथून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र साडेतीनशे किलोमीटरांच्या आत भेटत नाही. परिसरात गावोगाव तलाव आहेत आणि तलावांत रोहू, कटला, मृगल हे गोड्या पाण्यातील मासे आहेत. मासा आजारी पडला की तलावात चुना टाकावयाचा, हे येथील मत्स्यवैद्यक. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेली लाल व्रणांची साथ पुढे देशभर पसरली, तेव्हा चुन्याच्या या उपायाची पुष्कळच कसोटी लागली. सरकारी नोकरीच्या निमित्ताने अशा तलावांच्या काठी उभे राहणाऱ्या माणसाने समुद्रातील दुर्मीळ माशांच्या औषधोपचाराचा इतिहास सांगावयास घ्यावा, हे कदाचित विसंगत वाटेल. तथापि खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आज समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या दिवाणखान्यांतही दिसते. आणि या इतिहासात चुन्याचीही एक भूमिका आहे, ती यथावकाश येईलच.

आपल्या पूर्वजांनी जनावरांच्या वैद्यकाकडे दुर्लक्ष केले, असे कोणी म्हणू शकणार नाही. हत्तींसाठी पालकाप्याचा ग्रंथ आहे, घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे, वृक्षांसाठीसुद्धा वृक्षायुर्वेद आहे. मासा मात्र आपल्या वाङ्मयात आला तो मुख्यतः गळाला लागण्यासाठी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. त्यात समुद्रातील व नद्यांतील मासे वेगळे सांगितले आहेत, आणि त्यांतही खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, असा भेद केला आहे. राजाला हा भेद शिकारीच्या आणि स्वयंपाकाच्या दृष्टीने हवा होता. औषध कोणाला सोसते आणि कोणाला सोसत नाही, या प्रश्नापाशी आठशे वर्षांनी लोक अडखळले, तेव्हाही खवल्यांचाच विषय पुन्हा निघाला, हा एक गमतीचा योगायोग.

आता मूळ प्रश्न असा की, समुद्रात मासा आजारी पडत नाही काय? पडतो. परजीवी तेथेही आहेत. परंतु समुद्रात परजीवीचे पिल्लू बाहेर पडले की त्याला नवा मासा गाठावयाचा असतो, आणि पाणी अफाट असते. बहुतेक पिल्ले मासा न भेटताच मरतात. काचेच्या चार भिंतींत हा न्याय उलटतो. तेथे पाणी मोजके, मासा तोच, आणि पळून जाण्याची वाट नाही. जो परजीवी समुद्रात माशाला किरकोळ त्रास देत होता तो टाकीत आठवड्या-दोन आठवड्यांत साथ होऊन उभा राहतो. म्हणजे आज आपण ज्याला समुद्री माशांचा रोग म्हणतो, तो बव्हंशी टाकीने निर्माण केलेला रोग आहे, आणि त्याचा इतिहासही टाकीच्या इतिहासाइतकाच जुना आहे.

तो इतिहास लंडनमध्ये सुरू होतो. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दाखवून दिले की, भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ जमला तर पाणी न बदलताही ते सारे जगतात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. त्यात ज्याचा मोठा हात होता तो फिलिप हेन्री गॉस हा निसर्गाभ्यासक. याच गॉसने १८५४ साली साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून घरच्या घरी समुद्र तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. समुद्रापासून दूर असलेल्या गावी समुद्राचा मासा पोहोचावा, याची किल्ली या कृतीत होती. आज बाजारात पिशवीतून मिळणारे मत्स्यालयाचे मीठ हे त्याच कृतीचे सुधारलेले रूप होय.

आपल्याकडे मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. तेथील सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांचा तो पुढाकार; दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते बंद पडले. मुंबईकरांना परिचित असलेले तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराने त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते, आणि उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मरीन ड्राइव्हवरील त्या इमारतीत शाळांच्या सहलींबरोबर गेलेल्या पिढ्यान् पिढ्यांनी समुद्राचा मासा प्रथम जिवंत पाहिला. २०१५ साली ते नव्या रूपात पुन्हा उघडले आणि कोविडच्या साथीत, २०२० साली, त्याची दारे मिटली. काचेपलीकडे डौलाने फिरणारा मासा पाहताना त्याच्या मागील बाजूस कोणीतरी रोज सकाळी त्याचे कल्ले किती वेगाने हलतात हे पाहत असते, याची प्रेक्षकाला कल्पना नसते. मत्स्यालयाचे खरे काम त्या मागील बाजूस चालते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १९२४ साली मोठे नवे मत्स्यालय बांधले. उष्ण कटिबंधातील समुद्री मासे तेथे येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर न बोलावलेले पाहुणेही आले. माशाच्या अंगावर पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसे, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत आणि दोनतीन दिवसांत टाकी रिकामी होई. ब्राऊन नावाच्या संशोधक बाईंनी १९३१ साली या रोगाचा कर्ता शोधून काढला आणि त्याला ऊडिनियम ऑसेलेटम असे नाव दिले. पुढे त्याचे नाव बदलून अमायलूडिनियम झाले. आपण त्याला मखमली रोग म्हणू. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या उजेडाने चमकतात, तो उजेड देणाऱ्या सूक्ष्म जीवांच्याच कुळातील हा परजीवी. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात रॉस निग्रेली यांनी १९३६ साली त्याचे जीवनचक्र तपशीलवार मांडले.

दुसरा रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले आणि १९५१ साली, म्हणजे मुंबईचे मत्स्यालय उघडले त्याच वर्षी, ब्राऊन यांनीच त्याच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. मिठाचा कण अंगाला चिकटावा तसे ठिपके माशावर दिसतात. वरवर पाहता हे दोन रोग भावंडांसारखे वाटतात; परंतु दोघांचे कूळ वेगळे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दोघांचे दुबळे स्थानही वेगळे आहे.

दोघांत एक साम्य मात्र आहे, आणि सर्व उपचारांचा डोलारा त्यावर उभा आहे. परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत अथवा कल्ल्यांत खातपीत राहतो. पोट भरले की तो माशाला सोडून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करून बसतो. कवचाच्या आत एकाचे अनेक होतात. मखमली रोगात एका कवचातून २५६ पर्यंत पिल्ले निघतात. ती पोहत नवा मासा शोधतात. माशाच्या कातडीखाली असताना परजीवी सुरक्षित असतो, कवचात असतानाही सुरक्षित असतो. तो उघडा पडतो तो केवळ पोहत असताना. ठिपक्यांच्या रोगातील पिल्लाला तर फार थोडा अवकाश असतो. सुमारे एका दिवसात मासा मिळाला नाही तर ते मरते. ही पिल्ले बहुतकरून उत्तररात्री, अंधारात, मासा तळाशी निजलेला असताना बाहेर पडतात. हल्लेखोराची वेळ निवडण्याची ही हुशारी पाहून क्षणभर कौतुकच वाटते.

या पोहणाऱ्या पिल्लांवर तांब्याचा मारा करण्याची पद्धत पक्की झाली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात. रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ साली मखमली रोगावर कॉपर सल्फेटचा उपयोग कसा करावा, याचा निबंध प्रसिद्ध केला. कॉपर सल्फेट म्हणजे आपले मोरचूद. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवडा रोगाविरुद्ध मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण सुचविले, ते बोर्डो मिश्रण आपल्या बागांत आजही फवारले जाते. विशेष असे की, केवड्याचे बीजाणूही पानावरील पाण्याच्या थेंबात पोहत असतात आणि तांबे त्यांना तेथेच गाठते. वेलीचा रोग आणि माशाचा रोग, औषध एक आणि डावही एक.

परंतु बागेत चालणारा हात टाकीत चालत नाही. बागाईतदार शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद घेतो. समुद्री माशासाठी दर लिटर पाण्यात ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे पुरते. म्हणजे हजार लिटरांच्या टाकीला मोरचूद लागते ते ०.६ ते ०.८ ग्रॅम. बागेतील द्रावणाच्या मानाने ही मात्रा दहा हजारांहून अधिक पटीने सौम्य आहे. याहून थोडे कमी झाले की परजीवी जगतो; थोडे अधिक झाले की कल्ल्यांची नाजूक कातडी जळते आणि रोगाने न मेलेला मासा औषधाने मरतो. गोगलगायी, कोळंबी, प्रवाळ आणि पुष्पजीव तर या मात्रेतही वाचत नाहीत.

आणि येथे चुना येतो. बोर्डो मिश्रणात चुना मुद्दाम घालतात, कारण त्यामुळे तांबे बांधले जाते आणि पान जळत नाही. समुद्री टाकीच्या तळाशी प्रवाळाची वाळू आणि शंखशिंपले असतात, ते सारे चुन्याचेच रूप. त्यांनाही हाच धर्म लागू. सकाळी घातलेले तांबे संध्याकाळपर्यंत वाळूत जाऊन बसते. रखवालदाराला वाटते, औषध लागू पडत नाही. तो आणखी घालतो. काही दिवसांनी पाण्याची आम्लता वाढली की वाळूत दबा धरून बसलेले तांबे पुन्हा पाण्यात उतरते आणि मासे उलटे तरंगू लागतात. अभनपूरच्या तलावातील चुना माशाला तारतो, बोर्डोतील चुना पानाला तारतो, आणि टाकीतील चुना वैद्याला फसवितो. म्हणूनच औषधाची टाकी उघडीबोडकी, वाळूवाचून ठेवावी, आणि तांबे घातल्यावर ते रोज मोजावे, अशी शिस्त पडली. पुढे सायट्रिक आम्लासारख्या द्रव्यांत तांबे गुंतवून ते पाण्यात टिकविण्याची युक्ती आली. तिने टिकाऊपणा वाढला. परंतु सहन न होणाऱ्या माशाला ते सहन होऊ लागले, असे नव्हे.

सहन न होणारे मासे कोणते? मुशी आणि पाकट यांना तांबे विषासमान. घोडामासा आणि त्याचे नळीतोंडे भाऊबंद यांच्या अंगावर खवले नाहीत. त्यांनाही ते झेपत नाही. बुटक्या एंजल माशांतील कित्येक तांबे घालताच अन्न सोडतात. मँडरिन नावाचा, जरतारी शालूसारखा दिसणारा लहान मासा आहे. त्याची अडचण निराळीच. तो सूक्ष्म जिवंत कवचधारी किड्यांवर जगतो आणि तांबे प्रथम त्या किड्यांनाच मारते. रोग बरा होईपर्यंत रोगी उपाशी मरावयाचा. औषध रोग्याच्या ताटातील अन्नच काढून घेते, अशी उदाहरणे माणसांच्या वैद्यकातही थोडीच सापडतील.

यावर कोणी म्हणेल, मात्रा थोडी कमीजास्त करून पाहावी. येथेच खरी अडचण आहे. कोणत्याही औषधाची सुरक्षित मात्रा ठरते ती, स्पष्ट बोलावयाचे तर, मृत्यू मोजून. शंभर मासे घ्यावे, निरनिराळ्या मात्रा द्याव्या, कोठे किती मेले ते लिहून काढावे. सामान्य माशाच्या बाबतीत हे झालेले असते. परंतु प्रशांत महासागरातील रारोटोंगा बेटाजवळ पन्नास मीटरांहून खोल राहणारा, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पेपरमिंट एंजल घ्या. शास्त्राला त्याची ओळख झाली तीच १९९२ साली. जगातील मत्स्यालयांत हवाई बेटावरील वाइकिकीसारखा एखादा अपवाद वगळता तो दिसत नाही. अशा माशाच्या अंगावर पांढरा ठिपका दिसला, तर मात्रा कोणत्या पुस्तकात पाहावी? त्याच्यापूर्वी त्या जातीचा दुसरा रोगीच झालेला नाही. दुर्मीळ वस्तूविषयी आपले ज्ञान तिच्या दुर्मीळपणामुळेच तुटपुंजे राहते. आणि ती हातात असताना काहीतरी केलेच पाहिजे, असा माणसाचा हात शिवशिवतो. मत्स्यालयांच्या इतिहासात या शिवशिवणाऱ्या हाताने किती मासे दगावले असतील, त्याची नोंद कोण ठेवणार?

या कोंडीतून वाट निघाली ती माशाला औषध देण्याचा नाद सोडून परजीवीचे वेळापत्रक वाचल्याने. तांबड्या समुद्राच्या काठी, इस्राएलमधील एलात येथे अँजेलो कोलोर्नी हे मत्स्यशेतीतील माशांच्या ठिपक्यांच्या रोगावर काम करीत होते. १९८५ साली त्यांनी पाण्याचा खारेपणा उतरविण्याचा उपाय मांडला. समुद्राच्या हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. हाडांच्या सांगाड्याच्या समुद्री माशाचे रक्त मात्र समुद्राच्या सुमारे एक तृतीयांशच खारे असते. त्यामुळे तो जन्मभर अंगातील पाणी राखण्यासाठी झगडत असतो. खारेपणा सोळाच्या खाली आणला तर माशाचे ओझे उलट हलके होते, आणि ठिपक्यांचा परजीवी मात्र कवचातच फुटतो. उपचार असा की ज्यात बाहेरचे काही घालावयाचे नाही, उलट काढून घ्यावयाचे.

पण हाही उपाय सर्वांना लागू नाही. मुशी आणि पाकट आपल्या रक्तात युरिया साठवून समुद्राची बरोबरी साधतात. पाणी एकदम निवळले तर त्यांचाच तोल जातो. मखमली रोगाचा परजीवी तर जवळजवळ गोड्या पाण्यापर्यंत खारेपणाची पर्वा करीत नाही. भावंडांसारखे दिसणारे दोन रोग वेगळे ओळखण्याचे महत्त्व येथे कळते. ठिपका पाहून खारेपणा उतरविला आणि रोग मखमली निघाला, तर मासा दोन दिवसांत हातचा जातो. माशाच्या कल्ल्यावरील किंचित स्राव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हा निवाडा पाच मिनिटांत होतो. तो न करता औषधाच्या बाटलीकडे धावणे, हे पंचनामा न करता निकाल देण्यासारखे आहे.

कोलोर्नी यांचा दुसरा उपाय १९८७ सालचा, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील तो सर्वांत देखणा. त्यात औषध नाही, खारेपणाचा फेरफार नाही. माशाला दर तिसऱ्या दिवशी एका टाकीतून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवावयाचे. असे चार वेळा. हिशेब सरळ आहे. परजीवी माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग खाली उतरतो. उतरल्यावर त्याचे कवच फुटून पिल्ले येण्यास साधारणतः तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. तीन दिवसांनी मासाच तेथून गेलेला असतो. मागे राहिलेल्या टाकीत पिल्ले जन्मतात आणि माशावाचून मरतात. रिकामी टाकी धुऊन वाळवून पुढच्या फेरीस वापरावी. दोन टाक्या, एक जाळे आणि भिंतीवर एक दिनदर्शिका, एवढ्या सामग्रीवर बाराव्या दिवशी मासा परजीवीमुक्त होतो. जो मासा तांब्याचा थेंबही सोसत नाही, त्याला हे सोसते. हलवाहलवीचा ताण मात्र आहे, आणि मखमली रोगाचे चक्र अधिक वेगाने फिरत असल्यामुळे तेथे हा हिशेब जुळत नाही.

मखमली रोगासाठी, तांबे न चालणाऱ्यांच्या बाबतीत, पुढे आले ते क्लोरोक्विन. छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातील कोणत्याही आरोग्यसेवकाला ही हिवतापाची गोळी ठाऊक आहे. जर्मनीत १९३४ साली ती प्रथम तयार झाली. हिवतापाचा परजीवी आणि मखमली रोगाचा परजीवी हे दूरचे का होईना, पण नातेवाईक आहेत, म्हणून एकाचे औषध दुसऱ्यावर चालते. तांबे न सोसणाऱ्या पुष्कळ माशांना ते सोसते, सर्वांना नव्हे. २०२० साली कोविडच्या भीतीने अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात एका गृहस्थाने मत्स्यटाकीसाठी आणलेले क्लोरोक्विन स्वतःच घेतले आणि तो मृत्यू पावला. माशाचे औषध माणसाच्या हाती लागू नये अशा जागी कुलूपबंद ठेवावे, हे सांगण्यास निमित्त दुःखद मिळाले.

आपल्याकडे या विषयाला कायद्याचीही एक बाजू आहे. घोडामासा सुकवून परदेशी औषधांसाठी पाठविण्याचा व्यापार वाढला, तेव्हा २००१ साली भारत सरकारने त्याच्या संपूर्ण कुळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, बसविले. तेव्हापासून हौसेखातर त्याला पकडणे अथवा टाकीत ठेवणे गुन्हा आहे. ज्यांना तो अभ्यासासाठी हाताळावयाचा त्या संस्थांना परवानगी लागते, आणि दगावलेल्या प्रत्येक माशाचा हिशेब ठेवावा लागतो. रत्नागिरीस १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. पुढे ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील किनाऱ्यालगतच्या खाड्यांत पावसाळ्यात डोंगरांचे पाणी उतरते आणि खारेपणा पार खाली जातो. आपल्या किनाऱ्यांवर आढळणारा पिवळा घोडामासा अशा खाड्यांतही राहतो आणि निम्म्या खाऱ्या पाण्यात सहज तगतो. तांबे न झेपणाऱ्या या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तर त्याच्या टाकीतील पाणी दोन दिवसांच्या अवधीत थोडे थोडे करून आषाढातील खाडीइतके पातळ करतात, आणि ते तसेच काही आठवडे राहू देतात.